स्क्रिप्ट चालते, पण आकडे जुळत नाहीत: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळची बरीच पत्रं एकाच विषयावर आहेत. कुठल्यातरी एपीआयवरून (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडे डेटा मागायची ठरलेली सोय) रोज डेटा खेचायचा, साठवायचा, त्याचा तक्ता किंवा आलेख करायचा आणि कोड एआयकडून लिहून घ्यायचा. पहिल्याच संध्याकाळी स्क्रिप्ट चालायला लागते, सगळे खूश होतात आणि मग काही दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात येतं की आकडे काहीतरी भलतंच सांगतायत. म्हणून हे सदर या वेळी पूर्ण त्यालाच दिलंय. पत्रं थोडी छोटी केलीत, नावं काढलीत.

प्रश्न: नमस्कार ताई. मी बोरिवलीला एका शाळेत भूगोल शिकवतो. मुलांबरोबर मुंबईच्या पावसाची नोंद ठेवायची म्हणून ओपन-मेटिओ या हवामान सेवेच्या एपीआयवरून रोजचा पाऊस घेणारी पायथनची स्क्रिप्ट एआयकडून लिहून घेतली. चालते छान. पण पेपरात सांताक्रूझचा जो आकडा येतो त्याच्याशी आमचा जुळतच नाही, कधी कधी तर पाऊस एक दिवस पुढेमागे सरकल्यासारखा दिसतो. एआयला सांगितलं की तो दर वेळी "तुमचं बरोबर आहे" म्हणतो, कोड बदलून देतो आणि आकडा तिसराच येतो. चूक कुठे आहे?

उत्तर: सर, कोडमध्ये बहुधा काही चूक नाहीये, 'दिवस' कुठून कुठपर्यंत धरायचा हेच कुणी ठरवलेलं नाहीये. हवामान खात्याचा पावसाचा दिवस रात्री बाराला सुरू होत नाही. सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे २४ तास धरतात आणि आकडा ज्या सकाळी मोजला त्या तारखेवर टाकतात. म्हणजे मंगळवारी दुपारी धो धो कोसळलेला पाऊस खात्याच्या वहीत बुधवारच्या नावावर दिसतो. तुमची स्क्रिप्ट एपीआयकडे दिवसाची तयार बेरीज मागत असणार, ती असते मध्यरात्र ते मध्यरात्र, आणि टाइमझोन दिलेला नसेल तर ती मध्यरात्रसुद्धा आपली नाही, ग्रिनिचची, म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच.

मुलांना दाखवायला २६ जुलै २००५ घ्या. सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर सगळ्यांना पाठ आहेत, पण तो आकडा २७ तारखेला सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांचा आहे. मुंबईला ती तारीख २६ म्हणून आठवते, खात्याच्या रोजच्या नोंदीत तो पाऊस २७ ला बसतो. दोन्ही बरोबरच, फक्त तुमच्या टेबलात 'तारीख' नावाचा एकच कॉलम असला तर यातली नेमकी कुठली तारीख ते तुम्हाला नाही कळणार आणि एआयलाही नाही कळणार.

त्यामुळे दिवसाची तयार बेरीज घेऊच नका, तासातासाचा पाऊस घ्या आणि तो यूटीसीमध्येच, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेतच, साठवा. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे आपले सकाळचे साडेआठ हे यूटीसीचे बरोबर ३, एकही मिनिट इकडेतिकडे नाही. आता बारकी पण महत्त्वाची गोष्ट. ओपन-मेटिओच्या तासाच्या डेटात समोर जो पाऊस लिहिलेला असतो तो मागच्या तासाभरात पडलेला असतो. म्हणजे ३ ते ४ मधला पाऊस ४ च्या ओळीत. म्हणून खात्यासारखा दिवस हवा असेल तर आदल्या दिवशीच्या ४ च्या ओळीपासून आजच्या ३ च्या ओळीपर्यंत २४ आकडे मिळवायचे. एआय हे हमखास ३ ते २ असं करून देतं आणि मग एक तास कायमचा सरकलेला राहतो, जुलैतल्या एखाद्या रात्री तो एक तास फार मोठा असू शकतो.

एवढं करूनही आकडा तंतोतंत जुळणार नाहीच. सांताक्रूझला पर्जन्यमापक आहे, तिथे भांड्यात पडलेलं पाणी मोजतात. ओपन-मेटिओ हवामानाच्या मॉडेलमधून एका मोठ्या चौकोनापुरता पाऊस काढून देतं. त्याच २००५ च्या २४ तासांत कुलाब्याला साधारण ७३ मिलिमीटर झाला होता, एकाच शहरात! त्यामुळे टेबलात 'स्रोत' असा कॉलम ठेवा आणि मॉडेलचा आकडा आणि मापकाचा आकडा एकाच रकान्यात कधीच मिसळू नका. आणि शाळेच्या गच्चीवर साधा पर्जन्यमापक लावलात, मुलांनी रोज साडेआठला वाचला, तर तिसरा कॉलम तुमचा स्वतःचा होईल, मला तर तो सगळ्यात मोलाचा वाटतो.

अजून एक. एआयला "डेटा तपासणारा कोड टाक" म्हटलं की तो आवडीने लिहितो की दिवसाला ५०० मिलिमीटरच्या वर आकडा आला तर चुकीचा समजून काढून टाका. कागदावर समंजस वाटतं, पण हाच नियम असता तर मुंबईचा सगळ्यात मोठा पाऊस आपणच पुसला असता. संशयास्पद आकड्यावर खूण करा, माणसाला कळवा, काढू नका.

"तुमचं बरोबर आहे" वर उपाय असा की त्याला मत विचारू नका, उत्तर आधीच देऊन टाका. वर्गात मुलांना घेऊन एका दिवसाचे २४ आकडे फळ्यावर लिहा, हाताने बेरीज करा आणि मग त्याला मराठीतच लिहा: "हे २४ तासांचे आकडे, या दिवसाची बेरीज एवढी यायला हवी, आधी ही टेस्ट लिही, ती नापास होताना दाखव, मगच कोड बदल." टेस्ट समोर असली की हो ला हो करायला जागाच उरत नाही.

प्रश्न: ताई, मी विक्रोळीची, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मिनी प्रोजेक्टसाठी सरकारी ओपन डेटा पोर्टलवरून मुंबईच्या हवेचा डेटा घेतेय. एआयने लूप लिहून दिला पण काहीही केलं तरी १० च रेकॉर्ड येतात, लूप कितीदा बदलून झाला. शिवाय तारखांचा घोळ आहे, जुलैत घेतलेला डेटा फेब्रुवारी, मार्च, एप्रिल असा कुठेही पसरलाय. सबमिशन जवळ आलंय.

उत्तर: लूप सोड, तो ठीक असेल. १० चा आकडा तुझ्या एपीआय कीमुळे (एपीआय आपल्याला ओळखतो तो परवलीचा कोड) येतोय. त्या पोर्टलवर जी नमुना की दाखवलेली असते ती जास्तीत जास्त १० रेकॉर्ड देते, रजिस्टर करून स्वतःची की घे. एआयला हे कसं कळणार, त्याच्यासमोर तू फक्त कोड ठेवलायस, एपीआयकडून काय परत आलं ते त्याने बघितलेलंच नाही. आलेला जेसन, म्हणजे एपीआयचं उत्तर ज्या रूपात येतं तो मजकूर, एकदा स्वतः उघड. रेकॉर्डच्या यादीबरोबर त्यात टोटल (एकूण नोंदी), काउंट (या खेपेला आलेल्या), लिमिट आणि ऑफसेट पण असतात. टोटल मोठा आणि काउंट १० दिसला असता तर पहिल्याच दिवशी लक्षात आलं असतं. यापुढे कुठलाही एपीआय असो, कोड मागायच्या आधी एक खरा रिस्पॉन्स फाइलमध्ये उतरव आणि तो एआयला दे, मग त्याला फील्डची नावं अंदाजाने लिहावी लागत नाहीत. आणि लूप संपल्यावर एक ओळ घाल, साठवलेल्या ओळी टोटलएवढ्या नसतील तर स्क्रिप्टने तिथेच थांबून बोंब मारायची.

तारखांचं कारण मजेशीर आहे. तिथे तारीख आपल्या पद्धतीने येते, दिवस-महिना-वर्ष. पांडासला (पायथनची डेटा हाताळणारी लायब्ररी) तू फॉरमॅट सांगितला नाहीस तर तो महिना आधी धरतो, म्हणजे ५ जुलै वाचतो ७ मे म्हणून. महिन्याच्या पहिल्या १२ तारखांपर्यंत हे बिनबोभाट चालतं, कारण तो आकडा महिना म्हणून खपतो. १३ तारीख आली की तेरावा महिना नसतोच, मग तो दिवस आधी धरून एक वॉर्निंग देतो आणि पुढचं सगळं बरोबर वाचतो. म्हणून तुझा अर्धा जुलै जागेवर आहे आणि बाकीचा वर्षभर विखुरलाय. तारखेचा फॉरमॅट हाताने लिहून दे, अंदाजावर सोडू नकोस, आणि वॉर्निंग बंद करणारी ओळ एआयने टाकली असेल तर ती आधी काढ.

आता मागचा डेटा. आलेला जेसन जसाच्या तसा कुठे ठेवला असशील तर नव्या कोडने सगळं परत बनवता येईल, पाच मिनिटांचं काम. नसेल ठेवला तर अवघड आहे, कारण हा डेटासेट ताज्या नोंदी देतो, गेलेला तास परत मागता येत नाही. आज रात्रीपासून तरी आधी कच्ची फाइल, घेतल्याच्या वेळेचं नाव देऊन, मगच बाकीची प्रक्रिया. कच्च्या फाइलला कधी हात लावायचा नाही. गाइडना जे झालं ते सरळ सांग आणि रिपोर्टमध्ये या तारखांच्या घोळावर एक पान लिही, असं पान वाचायला परीक्षकांना आवडतं.

प्रश्न: मी ६६ वर्षांचा, बँकेतून निवृत्त, मुलुंडला असतो. ॲम्फी या म्युच्युअल फंडांच्या संघटनेच्या साइटवरची एनएव्हीची (एका युनिटच्या किमतीची) फाइल रोज उतरवून आमच्या दोघांच्या गुंतवणुकीचं मूल्य काढणारी स्क्रिप्ट एआयच्या मदतीने केली. पायथन मला येत नाही. एका सकाळी एका फंडाचं मूल्य शून्य आलं, छातीत धस्स झालं. दुसऱ्या दिवशी आपोआप ठीक. न समजणाऱ्या कोडवर किती विसंबायचं?

उत्तर: काका, ती फाइल एकदा साध्या नोटपॅडमध्ये उघडून बघा, अर्धं कोडं तिथेच सुटेल. एका ओळीत स्कीम कोड, दोन आयएसआयएन (ओळख क्रमांक), योजनेचं नाव, एनएव्ही आणि तारीख, मध्ये अर्धविराम. पण प्रत्येक ओळ तशी नसते, मधूनमधून रिकाम्या ओळी येतात, योजनेच्या प्रकाराचं आणि फंड हाउसचं नाव असलेल्या ओळी येतात, आणि काही ठिकाणी एनएव्हीच्या जागी आकड्याऐवजी 'एन.ए.' असं छापलेलं असतं. तुमचं शून्य बहुतेक तिथूनच आलंय. कोडने त्या अक्षरांचा आकडा करायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि एआयने "जमलं नाही तर शून्य धर" अशी ओळ लिहून ठेवलेली असणार. एआयला स्क्रिप्ट बंद पडलेली नको असते, म्हणून तो चुका अशा गिळतो. माहीत नाही आणि शून्य या वेगळ्या गोष्टी आहेत हे बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला मी काय सांगायचं.

त्याला असं विचारा: "या कोडमध्ये कुठे कुठे चूक झाली तरी तू न सांगता पुढे जातोस, त्या जागा मराठीत एक एक करून दाखव." ही यादी वाचायला पायथन लागत नाही. मग प्रत्येक जागी काय व्हायला हवं ते तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर एनएव्ही मिळाली नाही तर आधीची एनएव्ही तिच्या तारखेसकट दाखवायची आणि शेजारी 'जुनी' असं लिहायचं.

तारखेचं म्हणजे, ओळीत छापलेली तारीखच घ्यायची, आज फाइल उतरवली म्हणून आजची तारीख लावायची नाही. शनिवार-रविवार आणि सुट्टीला बहुतेक योजनांची नवी एनएव्ही नसते, तेव्हा जुनाच आकडा नव्या तारखेने साठत जातो आणि आलेख खोटा बनतो. आणि योजना नावाने शोधत असाल तर आजच स्कीम कोडवर या. डायरेक्ट आणि रेग्युलर, ग्रोथ आणि आयडीसीडब्ल्यू (पूर्वीचा डिव्हिडंड पर्याय), नावं जवळजवळ सारखी, एनएव्ही अगदी वेगळी. 'मिळतंजुळतं नाव शोध' असा कोड एआयला फार आवडतो आणि पैशाच्या कामात तो अजिबात नको.

विसंबायचं किती याचं उत्तर तुमच्याकडेच आहे, बँकेत दिवसअखेर कॅश टॅली झाल्याशिवाय कुणी घरी जात नव्हतं. इथेही एकत्रित खातेपत्रक ईमेलवर येतं ना, त्यातली प्रत्येक योजनेची युनिट आणि त्या तारखेचं मूल्य स्क्रिप्टच्या आकड्याशी ताडून बघा. काही पैशांचा फरक समजू शकतो, रुपयांचा फरक आला की आधी शोधायचा. कोड लिहिता आला नाही तरी चालेल, ताळा मात्र स्वतः करायचा, तो एआयकडे सोपवू नका.

प्रश्न: अंधेरीला आम्ही नवरा-बायको साड्या आणि ड्रेस मटेरियल ऑनलाइन विकतो. मार्केटप्लेसच्या एपीआयवरून ऑर्डरी घेऊन हिशेब करणारी स्क्रिप्ट एआयकडून केली. नेट गेलं की परत चालवतो आणि ऑर्डरी डबल होतात. परत आलेला माल विकलेलाच दिसतो. मध्ये ४२९ असा एरर यायला लागला, एआयने "परत परत प्रयत्न कर" असं टाकून दिलं तर आमचा ॲक्सेसच काही वेळ बंद झाला. सणाचा सीझन तोंडावर आहे हो ताई.

उत्तर: डबलचं आधी. स्क्रिप्ट आज एकदा चालवा नाहीतर पाच वेळा, टेबलात तेच राहायला हवं. त्यासाठी 'ओळ जोड' ऐवजी 'असेल तर बदल, नसेल तर जोड' असं लागतं, त्याला अपसर्ट म्हणतात, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ते २०१८ पासून सरळ मिळतं, एक्सेलसारख्या शीटमध्ये हे नीट होत नाही म्हणून डेटाबेसवर या आणि शीट फक्त बघायला ठेवा. पण 'असेल तर' हे ओळखायचं कशावरून? एआय ऑर्डर नंबर धरेल. तुमच्याकडे एका गिऱ्हाइकाने एकाच ऑर्डरमध्ये दोन साड्या घेतल्या तर दुसरी साडी पहिलीवर लिहिली जाईल आणि एक साडी हिशेबातून गायब. डबल दिसणं परवडलं, हे तर दिसतसुद्धा नाही. म्हणून ऑर्डर नंबर आणि त्यातल्या वस्तूचा नंबर, दोन्ही मिळून ओळख. एआयला हे तुम्ही सांगायला पाहिजे, धंदा तुमचा आहे, एका ऑर्डरमध्ये काय काय येतं ते तुम्हाला माहीत.

परत आलेला माल दिसत नाही कारण स्क्रिप्ट फक्त नवीन ऑर्डरी मागते. दहा दिवसांपूर्वीची ऑर्डर आज परत आली तर ती 'नवीन' नाही, 'बदललेली' आहे. तुमच्या एपीआयमध्ये 'या वेळेनंतर बदललेल्या ऑर्डरी' असं मागायची सोय आहे का ते डॉक्युमेंटेशनमध्ये बघा, असेल तर तेच वापरा. नसेल तर रिटर्नची जेवढी मुदत आहे तेवढ्या मागच्या दिवसांच्या ऑर्डरी रोज पुन्हा घ्या, अपसर्ट असल्यामुळे डबल होणार नाहीत. आणि 'इथपर्यंत घेतलं' ही खूण सगळं डेटाबेसमध्ये साठल्यानंतरच पुढे सरकवायची. एआयच्या कोडमध्ये ती बऱ्याचदा आधीच सरकवलेली असते, मग मध्येच नेट गेलं की मधल्या ऑर्डरी कायमच्या सुटतात.

४२९ म्हणजे समोरचा सर्व्हर सांगतोय की फार विनंत्या येतायत, दम धरा. बऱ्याचदा त्याच उत्तरात किती सेकंद थांबायचं ते 'रिट्राय-आफ्टर' या हेडरमध्ये दिलेलं असतं, ते वाचायचं आणि तेवढं थांबायचं. दिलेलं नसेल तर थांबायची वेळ दर खेपेला दुप्पट करायची, आणि काही प्रयत्नांनंतर सोडून देऊन तुम्हाला मेसेज टाकायचा. ५०० किंवा ५०३ आला तरी हेच. पण ४०१ किंवा ४०३ आला तर पुन्हा प्रयत्न करण्यात काही अर्थ नाही, की चुकलीय किंवा परवानगी नाहीये, शंभर वेळा विचारलं तरी तेच उत्तर येणार. अजून एक बघून घ्या, पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत टाइमआउट आपण दिला नाही तर तो नसतोच, सर्व्हरने उत्तरच दिलं नाही तर स्क्रिप्ट तशीच ताटकळत राहते आणि तुम्हाला वाटतं चालू आहे. प्रत्येक कॉलला टाइमआउट लिहायला सांगा. रक्कम पैशांमध्ये पूर्णांक म्हणून ठेवा, दशांशात ठेवली की बेरजेत पैसे इकडेतिकडे होतात.

प्रश्न: डोंबिवलीहून लिहितेय, पहिली नोकरी, छोटी कंपनी. दोन एपीआयवरून दिवसातून एकदा डेटा आणायचाय. एआयने एअरफ्लो, काफ्का, डॉकर अशा मोठ्या साधनांचा आराखडा दिलाय. हे सगळं शिकूनच सुरुवात करायची का?

उत्तर: नाही गं. दिवसातून एकदा चालणाऱ्या कामाला क्रॉन (ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारं साधन), एक पायथन फाइल आणि एसक्यूलाइट किंवा कंपनीत असेल तर पोस्टग्रेसचा डेटाबेस, बस. हिशेब करून बघ, दहा ठिकाणांचा दर तासाचा डेटा वर्षभर साठवला तरी ८७,६०० ओळी होतात, एवढं कुठलाही साधा लॅपटॉप सहज पेलतो. काफ्का सतत वाहणाऱ्या घटनांसाठी आहे. एअरफ्लो चांगलं आहे, पण कामं एकमेकांवर अवलंबून राहायला लागली, हे झाल्याशिवाय ते नको अशी साखळी वाढली की मगच त्याची गरज पडते. एआयला ओळींची संख्या, किती वेळा चालणार आणि सांभाळणारी माणसं किती हे आधी सांग, मग आराखडा एकदम आटोपशीर येतो. आणि त्याने सांगितलेली प्रत्येक लायब्ररी इन्स्टॉल करायच्या आधी खरंच अस्तित्वात आहे का, कोण चालवतं, किती जुनी आहे ते बघ. एआय कधी कधी नसलेली नावं देतो आणि अशी नावं हेरून त्याच नावाने घातक पॅकेज टाकून ठेवणारे लोक आहेत.

प्रश्न: पनवेलहून. माझी स्क्रिप्ट गिटहबच्या (कोड ठेवायची साइट) ॲक्शन्सवर, म्हणजे वेळापत्रकाने स्क्रिप्ट चालवायच्या सोयीवर, रोज सकाळी साडेआठला लावली होती. ती दुपारी दोनला चालायची आणि आता तर बंदच झाली. काही बदललं नव्हतं.

उत्तर: काही बदललं नाही, हेच कारण. पब्लिक रिपॉझिटरीत (सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या फोल्डरमध्ये) ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही तर गिटहब वेळापत्रकावरची कामं आपोआप बंद करतं. ॲक्शन्सच्या पानावरून परत चालू करा. वेळेचं म्हणाल तर तिथे लिहिलेली वेळ यूटीसी धरली जाते, सकाळचे साडेआठ हवे असतील तर ३ वाजले असं लिहा. आणि गर्दीच्या वेळी काम उशिरा सुरू होऊ शकतं, त्यामुळे 'आत्ताची वेळ' बघून डेटा मागू नका, कुठल्या तारखेचा हवा ते स्पष्ट मागा. स्क्रिप्ट चालली की कुठेतरी "आज एवढ्या ओळी आल्या" असा निरोप टाकायला लावा, ज्या दिवशी निरोप येणार नाही त्या दिवशी तुम्हाला कळेल.

प्रश्न: आमचा दादरला दातांचा दवाखाना आहे. अपॉइंटमेंटच्या सॉफ्टवेअरच्या एपीआयवरून नोंदी घेऊन रोजची यादी करायचीय. एआयला नीट समजावं म्हणून मी आलेला रिस्पॉन्स पूर्ण पेस्ट केला, त्यात पेशंटची नावं, फोन नंबर होते. नंतर भाच्याने सांगितलं की कोडमध्ये आमची कीसुद्धा तशीच लिहिलेली आहे आणि तो कोड त्याने गिटहबवर ठेवला होता. आता त्याने ती ओळ काढलीय. एवढं पुरेसं आहे ना?

उत्तर: नाही डॉक्टर, पुरेसं नाही, आणि हे वाचल्यावर पहिलं काम हेच करा. सॉफ्टवेअरवाल्यांकडे जाऊन ती की रद्द करून नवी घ्या. गिटमध्ये ओळ काढली तरी जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधी साठवलेल्या आवृत्त्यांमध्ये, ती दिसतच राहते, आणि उघड्यावर पडलेल्या की शोधत फिरणारे प्रोग्रॅम सतत चालू असतात. ती की वापरून तुमच्या पेशंटच्या नोंदी कुणी मागितल्या होत्या का, याचा लॉगही त्यांच्याकडे मागा. नवी की वेगळ्या फाइलमध्ये, '.env' फाइल म्हणतात ती, आणि ती फाइल गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने घेऊ नयेत अशा फाइलींच्या यादीत. भाच्याला रागावू नका, एआयने दिलेल्या नमुना कोडमध्ये की लिहायची जागा अशी थेट कोडच्या मध्येच असते आणि घाईत माणूस तिथेच भरतो.

पेशंटच्या माहितीचं मला जास्त वाटतं. कुणाची कुठली दाढ काढायचीय हे त्याने तुम्हाला विश्वासाने सांगितलंय. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही आहे, पण कायदा नसता तरी हे बाहेर जायला नको होतं. ज्या एआय सेवेत पेस्ट केलं तिथलं ते संभाषण डिलीट करा, सेटिंगमध्ये तुमचं लिखाण ट्रेनिंगला वापरायची परवानगी चालू असेल तर बंद करा. एआयला तुमच्या पेशंटची गरजच नसते, त्याला डेटाचा आकार कळला की पुरतं. फील्डची नावं तशीच ठेवा आणि आतली माहिती बनावट, दोन-तीन ओळी पुरे. पण त्या ओळींमध्ये खऱ्या डेटात असतात ते सगळे प्रकार हवेत, म्हणजे एखादा फोन नंबर रिकामा, एखादी रद्द झालेली अपॉइंटमेंट, एकाच नंबरावर आई आणि मुलगा असे दोन पेशंट. तो शेवटचा प्रकार विसरू नका, नाहीतर स्क्रिप्ट फोन नंबरवरून दोघांना एकच पेशंट समजेल आणि सकाळच्या यादीत मुलाचं नाव येणारच नाही.

आणि डॉक्टर, एपीआयकडून सगळी फील्ड येतात म्हणून सगळी साठवू नका. कच्ची फाइल ठेवा असं मी वर विक्रोळीच्या मुलीला सांगितलं ते हवेच्या डेटासाठी. तुमच्या यादीला वेळ, नाव आणि उपचाराचा प्रकार एवढंच लागतं, तेवढंच घ्या आणि महिना झाला की जुन्या याद्या पुसणारी ओळ आत्ताच घालून घ्या.